लिस्ट समजते पण लिहिता येत नाही, तेव्हा नेमकं काय अडलेलं असतं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही कागलहून कोल्हापुरात कॉमर्सच्या शेवटच्या वर्षाला येता आणि चार महिने घरी पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा शिकताय. व्हेरिएबल, इफ, लूप (तेच काम पुन्हा पुन्हा करून घेणं) इथवर गाडी नीट चालली होती, लिस्ट, म्हणजे एका नावाखाली ओळीनं ठेवलेल्या किमती, आली आणि अडली. व्हिडिओ बघताना सगळं कळतं, पण कोऱ्या स्क्रीनसमोर बसलं की हात चालत नाही. सराव म्हणून तुम्ही राजाराम बंधाऱ्यावरच्या पंचगंगेच्या पातळीच्या नोंदी घेतल्या आणि ३९ फुटांच्या इशारा पातळीखालच्या नोंदी लिस्टमधून काढून टाकणारा प्रोग्राम लिहिलात. तो एरर देत नाही, पण काही नोंदी तशाच मागे राहतात. आणि शेवटी विचारलंय, लिस्टच्या किती मेथड, म्हणजे लिस्टवर करायच्या तयार क्रिया, पाठ केल्या म्हणजे पुरे?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देऊन टाकतो. पायथनच्या लिस्टला रोजच्या वापराच्या मेथड एकूण ११ आहेत. त्यातल्या ॲपेंड (शेवटी भर घालणं), पॉप (काढून हातात घेणं), इन्सर्ट (मध्ये घालणं) आणि सॉर्ट (क्रमानं लावणं) या चार, शिवाय लांबी सांगणारं लेन हे फंक्शन, एवढ्यावर पहिले दोन महिने आरामात निघतात. उरलेल्या लागतील तेव्हा बघून घ्यायच्या. मीही बघून घेतो. पाठांतर हे तुमचं दुखणं नाहीच.

दुखणं असं आहे की प्रोग्राम चालू असताना लिस्टच्या आत काय चाललंय ते तुम्हाला दिसत नाही. साधं व्हेरिएबल असतं तेव्हा त्यात एकच आकडा असतो, तो डोक्यात मावतो. लिस्ट मात्र प्रत्येक पायरीला बदलते. लांबी बदलते, कालचा तिसरा आज दुसरा होतो, आणि हे सगळं पडद्याआड होतं. व्हिडिओत शिकवणाऱ्याला ते दिसत असतं आणि तो बोलत बोलत पुढे जातो, त्यामुळे तुम्हालाही दिसल्यासारखं वाटतं. एकटं बसल्यावर ते दिसणं नाहीसं होतं. म्हणून या उत्तरात मी मेथड फार शिकवणार नाही, लिस्ट डोळ्यांसमोर कशी आणायची तेवढंच सांगणार आहे.

माझ्याबद्दल एवढंच की मी उद्यमनगरातल्या छोट्या कारखान्यांसाठी आणि आसपासच्या खेड्यांतल्या दूध संस्थांसाठी प्रोग्राम लिहितो, आणि संध्याकाळी राजारामपुरीत नवशिक्यांना शिकवतो. मी जे सांगतोय ते पायथनपुरतं आहे. भाषा बदलली की काही गोष्टी बदलतात. सी मध्ये ॲरेची लांबी आधी ठरवावी लागते आणि टोकाबाहेरचं वाचलं तर काय मिळेल याची खात्री नसते. जावास्क्रिप्टमध्ये टोकाबाहेर वाचलं तर एरर न येता 'अनडिफाइंड' मिळतं, आणि तिथला सॉर्ट काही न सांगता वापरला तर आकड्यांनाही अक्षरांसारखं लावतो, म्हणजे १० हा ९ च्या आधी येतो. तुम्ही परीक्षेसाठी शिकताय की नोकरीसाठी, यावरही थोडं अवलंबून आहे. परीक्षेत मेथडची नावं विचारतात, कामावर कुणी विचारत नाही.

आता वही घ्या. खरंच घ्या. माझ्याकडे येणारी मुलं म्हणतात, सर, कंप्युटर शिकायला आलोय, वही कशाला? पण लिस्ट सुरू झाली की पहिले काही दिवस मी कीबोर्डला हात लावू देत नाही. एका ओळीत चौकटी काढायच्या, प्रत्येक चौकटीत किंमत लिहायची, खाली क्रमांक लिहायचा. क्रमांक शून्यापासून.

हे शून्य नवशिक्याला बोचतंच, त्यामुळे त्यावर थोडं थांबतो. मराठीत आपण पहिला, दुसरा, तिसरा असं म्हणतो तेव्हा नंबर सांगत असतो. लिस्टचा इंडेक्स नंबर सांगत नाही, तो अंतर सांगतो: सुरुवातीपासून किती घरं ओलांडायची. पहिल्या चौकटीसाठी एकही ओलांडायचं नाही, म्हणून शून्य. उद्यमनगरात एखाद्या फॅब्रिकेशनच्या दुकानात पट्टी कापताना बघा. टेपची शून्याची रेघ पट्टीच्या टोकाला लागते, एकची नाही. आणि 'दोन ते पाच' असा तुकडा काप म्हटलं तर मिस्त्री दोनच्या रेघेवर आणि पाचच्या रेघेवर खूण करतो. तुकडा निघतो तीनचा. पायथनचा स्लाइस, म्हणजे लिस्टमधून कापून घेतलेला तुकडा, अगदी असाच निघतो. लिस्टचं नाव पातळ्या असेल तर पातळ्या[२:५] म्हणजे दोनच्या आणि पाचच्या रेघेवर कापा. हाती येतात इंडेक्स २, ३ आणि ४ ची घरं, पाच वजा दोन म्हणजे तीन. आकडे चौकटींचे न समजता चौकटींमधल्या रेघांचे समजा, मग 'शेवटचं का येत नाही' हा प्रश्नच उरत नाही. डायक्स्ट्रा या डच संगणकतज्ज्ञानं १९८२ साली एका छोट्या टिपणात याच पद्धतीची बाजू मांडली होती. टोकं वजा केली की थेट लांबी मिळते, आणि रिकामा तुकडाही सरळ लिहिता येतो. लुआ किंवा मॅटलॅबसारख्या भाषा एकपासून मोजतात, तेव्हा हा काही निसर्गाचा नियम नव्हे. पण पायथनमध्ये आहात तोवर टेप डोळ्यांसमोर ठेवा.

आता तुमच्या प्रोग्रामकडे येतो. तुम्ही जे लिहिलंय ते तर्कानं बरोबर वाटतं: लिस्टवर लूप फिरवायचा, नोंद इशारा पातळीखालची असली की ती रिमूव्ह करायची. पाच नोंदी घेऊन वहीत चालवून बघू. सोयीसाठी सगळं इंचात घेतो, म्हणजे ३९ फूट म्हणजे ४६८ इंच. लिस्ट अशी:

[४६०, ४६२, ४७०, ४६५, ४८०]

लूप शून्याच्या घरापासून सुरू होतो. तिथे ४६०, म्हणजे ४६८ पेक्षा कमी, म्हणून काढला. लिस्टमध्ये भोक राहत नाही, मागचे सगळे एकेक घर पुढे सरकतात. आता लिस्ट आहे [४६२, ४७०, ४६५, ४८०]. लूपला मात्र हे सरकणं माहीत नाही. तो आपला ठरल्याप्रमाणे पुढच्या, म्हणजे एकच्या घरात जातो. तिथे आहे ४७०. ठेवला. ४६२ शून्याच्या घरात येऊन बसला होता, त्याच्याकडे कुणी पाहिलंच नाही. पुढे दोनच्या घरात ४६५, काढला. लिस्ट झाली [४६२, ४७०, ४८०]. आता लूप तीनच्या घरात जायला बघतो, तिथे काही नाही, म्हणून थांबतो. हातात उरली [४६२, ४७०, ४८०]. ४६२ हा ३८ फूट ६ इंच, इशारा पातळीखालचाच, मागे राहिला.

तुमच्याकडे राहिलेल्या नोंदी आता तपासा. त्यातली प्रत्येक नोंद मुळात एखाद्या काढलेल्या नोंदीच्या लगेच मागे होती असं दिसेल. एसटीच्या रांगेतून पुढचा माणूस निघून गेला की मागचा एक पाऊल पुढे येतो, आणि तपासनीस मात्र पुढच्या फरशीवर पाऊल टाकून मोकळा होतो. तसंच हे.

उपाय सोपा आहे आणि मी वीस वर्षांच्या अनुभवावरून सांगतो की तो नव्वद टक्के ठिकाणी चालतो: जुन्या लिस्टमधून काढू नका, नवी लिस्ट भरा. आधी 'ठेवायच्या' नावाची रिकामी लिस्ट करायची. जुनीवर लूप फिरवायचा, नोंद ४६८ किंवा जास्त असली की नवीत ॲपेंड करायची. जुनी लिस्ट शाबूत राहते, म्हणजे उत्तर चुकलं तर मूळ माहिती पुन्हा बघता येते. काढून टाकण्यापेक्षा निवडून घेणं, एवढा एक विचार बदला. आपल्याकडं बायका धान्य निवडतात तेव्हा चांगलं धान्य दुसऱ्या सुपात घेतात ना, तसं.

इंचाचा विषय निघालाच आहे तर तुमच्या नोंदींमध्ये मला दिसलेली आणखी एक गोष्ट सांगतो, कारण ती लिस्टच्याही आधीची आहे. तुम्ही ३९ फूट १० इंच हे ३९.१० असं लिहिलंय आणि ३९ फूट ४ इंच हे ३९.४. कंप्युटरला ३९.१० म्हणजे ३९.१, आणि ते ३९.४ पेक्षा लहान. म्हणजे पाणी सहा इंच चढलं असताना तुमचा प्रोग्राम उतरलं म्हणेल. वर ३९.१ आणि ३९.१० यांत त्याला फरकच करता येणार नाही, एक इंच आणि दहा इंच एकच. फूट आणि इंच वेगळे घ्या, बारानं गुणून इंच मिळवा आणि लिस्टमध्ये इंचच ठेवा. इशारा पातळी ४६८, धोका पातळी ४३ फूट म्हणजे ५१६. दाखवताना पुन्हा फूट-इंच करा. लिस्टमध्ये एकच एकक, एकाच जातीच्या किमती, हा नियम मी स्वतः कधी मोडत नाही. पुराचं पाणी दारात आलेल्या माणसाला सहा इंच म्हणजे काय ते आपल्या जिल्ह्यात कुणाला वेगळं सांगायला नको.

दुसरी मोठी अडचण नावांची. तुमच्या कोडमध्ये एके ठिकाणी 'जुनी = पातळ्या' असं आहे आणि शेजारी टीप आहे की मूळ लिस्टची प्रत ठेवली. ती प्रत नाही. एखाद्या माणसाला घरी बाळू म्हणतात आणि शाळेत पाटील सर म्हणतात. माणूस एकच. बाळूनं मिशा काढल्या तर पाटील सरांच्याही गेल्या. पायथनमध्ये बरोबरची खूण डावीकडचं नाव उजवीकडच्या वस्तूला चिकटवते, वस्तूची दुसरी प्रत करत नाही. आकड्यांच्या बाबतीत हे कधी जाणवत नाही, कारण आकडा आतून बदलता येत नाही, तुम्ही नाव उचलून दुसऱ्या आकड्याला लावता इतकंच. लिस्ट आतून बदलते, म्हणून तिथे कळतं. खरी प्रत हवी तर पातळ्या.कॉपी() किंवा पूर्ण स्लाइस पातळ्या[:] वापरा. वहीत काढताना नाव चौकटींच्या आत न लिहिता बाहेर लिहा आणि बाण काढा. दोन नावांचे बाण एकाच ओळीवर येत असतील तर सावध व्हा. पायथन ट्यूटर नावाचं एक मोफत साधन आहे, ते तुमचा कोड एकेक ओळ चालवून हेच बाण आणि चौकटी काढून दाखवतं. आठवडाभर ते रोज वापरा, पण आधी स्वतः वहीत काढून, मग पडताळायला.

याच कुळातली एक चूक दूध संस्थेच्या कामात सारखी भेटते. दहा दिवसांचं बिल करायचं असतं, म्हणून प्रत्येक सभासदाला दहा शून्यांची ओळ हवी. नवशिका हुशारीनं [[०] * १०] * ३ असं लिहितो. छापून बघितलं तर तीन ओळी छान दिसतात. मग पहिल्या सभासदाचं पहिल्या दिवसाचं साडेचार लिटर दूध भरलं की तिघांच्याही पहिल्या दिवसाला साडेचार येतं. ओळी तीन नव्हत्याच, एकाच ओळीला तीन बाण होते. लूप फिरवून दर वेळी नवी ओळ तयार करून ॲपेंड करा, प्रश्न मिटतो.

तिसरी गोष्ट तुम्ही लिहिली नाहीत, पण कोडमध्ये दिसली. 'पातळ्या = पातळ्या.सॉर्ट()' लिहून पुढची ओळ एरर देत होती म्हणून तुम्ही ती खोडून ठेवली आहे. सॉर्ट लिस्टला जागच्या जागी लावतं आणि परत काहीच देत नाही, म्हणजे नन (पायथनमधलं 'काही नाही'). ते काहीच-नाही तुम्ही पातळ्या या नावाला चिकटवलंत, आणि लावलेली लिस्ट हातातून गेली. ॲपेंड, इन्सर्ट, रिमूव्ह यांचंही असंच. यातला अपवाद पॉप: तो लिस्टही बदलतो आणि काढलेली किंमत हातातही देतो. नवी, लावलेली लिस्ट हवी आणि जुनीही हवी, तर सॉर्टेड हे फंक्शन वापरा. पाण्याच्या नोंदींच्या बाबतीत मुळात सॉर्ट करू नका असंच मी म्हणेन. त्या नोंदींचा क्रम म्हणजे वेळ. क्रम मोडला की पाणी कधी चढलं हेच हरवतं.

इथवर जे आलं ते दोन ओळींत: इंडेक्स म्हणजे अंतर, काढून टाकण्यापेक्षा नवी लिस्ट भरणं बरं, आणि दोन नावं म्हणजे दोन लिस्ट नव्हेत. कोणतीही लिस्टवाली ओळ लिहिण्याआधी स्वतःला विचारा, मी आत्ता कोणत्या लिस्टला हात लावतोय आणि तिच्याकडे आणखी कोण बघतंय?

आता माझ्याकडून झालेली एक चूक सांगतो, कारण पुढचा मुद्दा मला त्यातूनच कळला. सुरुवातीच्या काळात करवीर तालुक्यातल्या एका दूध संस्थेसाठी मी बिलाचा प्रोग्राम केला होता. तीन लिस्ट होत्या: सभासद कोड, लिटर आणि फॅट. पाचव्या घरातला कोड, पाचव्या घरातले लिटर, पाचव्या घरातली फॅट असं जुळवून पैसे काढायचे. एका सभासदाची म्हैस आटली, त्याचं दूध बंद झालं. त्याला मी कोडच्या आणि लिटरच्या लिस्टमधून काढलं, फॅटच्या लिस्टमधून काढायचं राहिलं. त्याच्याखालच्या प्रत्येकाला वरच्याची फॅट लागली. एरर आली नाही, कारण लूप सभासद कोडच्या लिस्टच्या लांबीवर चालत होता, शेवटी उरलेली एक जादा फॅट कुणी पाहिली नाही. एक आक्का पावती घेऊन आल्या. त्यांच्या म्हशीची फॅट कायम सातच्या पुढे, पावतीवर ३.८ होती. ती वरच्या घरच्या गाईची होती. सचिव आणि मी त्या रात्री सगळी बिलं रजिस्टरशी एकेक जुळवून पुन्हा काढली. एखाद्या घरात दहा दिवसांच्या त्या बिलावर किराणा आणि शाळेची फी ठरलेली असते. त्या रात्रीनंतर मी जोडीनं चालणाऱ्या वेगवेगळ्या लिस्ट कायमच्या सोडल्या.

एका माणसाची माहिती एकत्र बांधून ठेवायची आणि अशा गाठोड्यांची एकच लिस्ट करायची. पायथनमध्ये गाठोड्यासाठी डिक्शनरी वापरता येते: कोड, लिटर, फॅट अशा नावांखाली किमती. मग सभासद काढला तर त्याची फॅटही त्याच्याबरोबर जाते, लिटरनुसार लावलं तर सगळं मिळून हलतं. तुमच्या पातळीच्या नोंदींनाही हेच लावा. आज तुम्ही वेळांची एक लिस्ट आणि पातळ्यांची दुसरी ठेवली आहे. एकच करा, प्रत्येक घरात वेळ आणि इंच मिळून.

त्याच कामातून आणखी एक धडा. नोंद आलीच नाही तर काय भरायचं? सभासद एका सकाळी दूध घेऊन आला नाही, तर लिटर शून्य हे खरं आहे. फॅट शून्य हे खोटं आहे, कारण फॅट मोजलीच नाही. ती शून्य धरून सरासरी काढली की त्या माणसाची सरासरी विनाकारण खाली येते. तिथे नन ठेवा आणि सरासरी काढताना ते घर वगळा. बंधाऱ्यावरची एका तासाची नोंद मिळाली नाही म्हणून तिथे शून्य टाकलंत, तर तुमच्या प्रोग्रामनुसार पंचगंगा तासाभरात कोरडी पडून पुन्हा भरलेली असेल.

कोऱ्या स्क्रीनसमोर हात का चालत नाही, याचं उत्तर अजून राहिलंय. माझ्या मते सुरुवातीची जवळपास सगळी लिस्टची कामं चार साच्यांत बसतात. गोळा करणं: बेरीज, मोजणी, सरासरी. निवडणं: काही घरं नव्या लिस्टमध्ये घेणं. बदलणं: प्रत्येक घरातून नवी किंमत काढणं, जसं फुटाचे इंच. आणि शोधणं: सगळ्यात मोठं, किंवा अट पुरी करणारं पहिलं. प्रश्न समोर आला की आधी तो यातला कोणता ते वहीत मराठीत लिहा. 'पाणी पहिल्यांदा इशारा पातळीला कधी लागलं?' हे शोधणं. 'किती तास इशारा पातळीवर होतं?' हे गोळा करणं. साचा ठरला की लूपआधी काय तयार ठेवायचं ते ठरतं: गोळा करायला शून्य, निवडायला आणि बदलायला रिकामी लिस्ट, शोधायला पहिलं घर. सगळ्यात मोठं शोधताना बरीच मुलं शून्य धरून सुरू करतात. पातळ्यांना ते चालतं, पण तासागणिक फरक काढलेत आणि पाणी उतरत असलं तर सगळे फरक ऋण असतात आणि उत्तर शून्य येतं, जे लिस्टमध्ये कुठेच नाही. म्हणून पहिल्या घरापासून सुरू करा. आणि लिस्ट रिकामी असली तर पहिलं घरच नसतं, ते आधी तपासा.

सम, मॅक्स ही तयार फंक्शनं आहेत हे मला ठाऊक आहे. तरी पहिले तीन आठवडे हे चारही साचे साध्या लूपनं हातानं लिहा. लिस्ट कॉम्प्रिहेन्शन, म्हणजे एका ओळीत लिस्ट बनवायची पद्धत, तोवर बाजूला ठेवा. काही शिक्षक ती पहिल्या आठवड्यात शिकवतात. माझा अनुभव असा की ज्याला लूप दिसत नाही त्याला त्या एका ओळीत काहीच दिसत नाही, आणि ज्याला दिसतो त्याला ती अर्ध्या तासात येते.

वेगाची काळजी आता करू नका. लिस्टच्या शेवटी भर घालणं स्वस्त असतं, सुरुवातीला घालणं महाग, कारण सगळ्यांना एकेक घर सरकावं लागतं. पण तीनशे सभासदांत हा फरक तुम्हाला जाणवणारही नाही. दहा हजारांची एक लिस्ट दुसऱ्या दहा हजारांच्या लिस्टमध्ये एकेक करून शोधू लागलात की तुलना दहा कोटींपर्यंत जातात, तेव्हा सेट किंवा डिक्शनरी शिका.

मराठीत काम करणार असाल तर एक लहानशी गोष्ट आत्ताच जाणून ठेवा. पायथनमध्ये लिस्टचं नाव 'पातळ्या' असं देवनागरीत ठेवता येतं. इनपुटमधून आलेलं '४२' इंट फंक्शनला समजतं, कोडमध्ये थेट लिहिलेला देवनागरी आकडा मात्र चालत नाही, तेव्हा वरची उदाहरणं टाइप करताना आकडे आणि मेथडची नावं इंग्रजी ठेवा. नावांची लिस्ट सॉर्ट केली तर ती युनिकोडच्या, म्हणजे कंप्युटरनं अक्षरांना दिलेल्या क्रमांकांच्या, क्रमानं लागते. त्यात ळ हा ल च्या लगेच मागे आहे. शाळेत शिकलेल्या वर्णमालेत तो ह नंतर येतो. त्यामुळे सभासद यादीत काळे हे काशीद यांच्या आधी छापले जातात आणि सचिव विचारतात, असं का? आणि लेन 'कोल्हापूर' या शब्दाची लांबी ९ सांगतं, कारण काना, मात्रा, हलन्त अशी प्रत्येक खूण वेगळी मोजली जाते. हे चुकलेलं नाही, एवढं लक्षात असू द्या.

आता आज संध्याकाळी करायचं काम देतो. या सात नोंदी घ्या, तासागणिक: ३७ फूट ८ इंच, ३८ फूट ४ इंच, ३९ फूट, ३९ फूट १० इंच, ४० फूट १ इंच, ३९ फूट ११ इंच, ३९ फूट २ इंच. त्यांचे इंच करून लिस्ट बनवा. मग चार उत्तरं काढा: पाणी पहिल्यांदा इशारा पातळीला लागलं ते कितव्या इंडेक्सला, इशारा पातळीवर किंवा वर किती नोंदी, सगळ्यात वरची पातळी किती, आणि एका तासात सगळ्यात जास्त वाढ किती. मेथडमध्ये फक्त ॲपेंड वापरायचं. आधी वहीत, मग स्क्रीनवर.

उत्तरं अशी यायला हवीत: इंडेक्स २, नोंदी ५, पातळी ४८१ इंच म्हणजे ४० फूट १ इंच, वाढ १० इंच. नोंदी ४ आल्या तर अटीत 'जास्त' लिहिलंय आणि 'बरोबर' राहिलंय, बरोब्बर ३९ फुटांची नोंद सुटली. इंडेक्स ३ आला तरी कारण तेच. सात नोंदींमध्ये फरक सहाच असतात, दहा खांबांच्या कुंपणात नऊ गाळे असतात तसे. तुमचे फरक सात आले आणि पहिलाच उणे १८ निघाला, तर लूप शून्यापासून सुरू झालाय. शून्याच्या घरातून एक मागे गेलं की इंडेक्स उणे एक होतो, आणि पायथन उणे एकला शेवटचं घर समजतो, म्हणून त्यानं ४५२ मधून शेवटचे ४७० वजा केले. एरर येणार नाही. लूप एकपासून सुरू करा.